भट्टीपुढचे तास

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

पिलचकच्या काचशाळेत अर्ज करू की पेनलंडच्या हस्तकलाशाळेत, आणि ‘आर्टिस्ट ऑफ कलर’ या रकान्यात आपण बसतो का, असं तू विचारलं आहेस. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. अमेरिकेत त्या शब्दात कृष्णवर्णीय, मूलनिवासी, लॅटिनो, आशियाई असे सगळे येतात, त्यामुळे आपणही बसतो. मात्र प्रत्येक शिष्यवृत्तीच्या अटी वेगळ्या असतात आणि काही फक्त तिथल्या नागरिकांसाठी असतात. ती ओळ आधी वाच आणि मगच पुढचे कागद भर.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तूच ठरव, पण त्याआधी एक गोष्ट लक्षात घे. काचेच्या क्षेत्रात गोरी नसलेली माणसं इतकी कमी का, याचं अर्धं उत्तर भट्टीतच आहे. चित्रकाराला कागद पुरतो. काच फुंकणाऱ्याला सुमारे ११२० अंश सेल्सियसची भट्टी लागते आणि ती रात्रंदिवस चालू ठेवावी लागते, कारण रोज विझवून पेटवली तर काच वितळवणारं भांडं तडकतं. सोबत एखादा तरी मदतनीस हवाच. म्हणजे घरी सराव होत नाही आणि एकट्यानेही होत नाही. हात बसतो तो दुसऱ्याच्या भट्टीवर, बिनपगारी मदतनीस म्हणून काढलेल्या तासांत. महिनोन्‌महिने फुकट राबणं ज्याच्या घराला परवडतं, तोच टिकतो. उघड मनाई करायची वेळच येत नाही.

१९६२ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडोच्या कलासंग्रहालयात हार्वे लिटलटन यांनी लहान भट्टीची कार्यशाळा घेतली. काच कारखान्यातून निघून कलाकाराच्या हाती आली ती तिथून. १९७१ मध्ये सिएटलच्या उत्तरेला पिलचक सुरू झालं. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटाची काचेची जी कसबं घराण्याबाहेर जात नव्हती, ती लिनो ताल्यापिएत्रा यांनी तिथे येऊन शिकवली. दार उघडलं ते असं. पण आत शिरली ती बहुतेक कॉलेजात शिकलेली गोरी मुलं.

दुसऱ्या वाटांनी आलेल्यांकडे बघ. प्रेस्टन सिंगलटरी हे ट्लिंगिट, म्हणजे अलास्काकडच्या एका मूलनिवासी जमातीचे. ते सिएटलच्या एका काच स्टुडिओत रात्रपाळीचे पहारेकरी म्हणून लागले आणि तिथूनच भट्टीपुढे आले. डेबोरा मूर यांची काचेची ऑर्किड आणि झाडं २०२० मध्ये वॉशिंग्टन डी.सी.च्या रेनविक गॅलरीत लागली. थर्मन स्टेटम सपाट काच कापतात, चिकटवतात, रंगवतात आणि तिची घरं, शिड्या उभ्या करतात. म्हणजे भट्टीशिवायही मोठं काम होतं, हे ध्यानात ठेव. फ्रेड विल्सन स्वतः फुंकत नाहीत. मुरानोच्या कारागिरांकडून त्यांनी काळ्या काचेचं झुंबर करून घेतलं आणि २००३ च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात अमेरिकेच्या दालनात टांगलं.

आता वाटा उघडणाऱ्या संस्थांबद्दल. टॅकोमात १९९४ पासून हिलटॉप आर्टिस्ट्स शाळेच्या आवारातच मुलांना काच शिकवते, तेही मोफत. शिकागोच्या प्रोजेक्ट फायरमध्ये गोळीबारात जखमी झालेली मुलं काच फुंकतात आणि त्या वेळेचा त्यांना पगार मिळतो. माझ्या मते हा पगार हीच सगळ्यात शहाणपणाची गोष्ट आहे. मुलगा आठवड्याचे दहा तास भट्टीपुढे घालवणार तर ते पैसे दुसरीकडून यायला हवेत, हे तिथे कुणाला तरी कळलेलं आहे. कोरी पेम्बर्टन आणि ॲनी एव्हलिन यांनी उभी केलेली क्राफ्टिंग द फ्यूचर ही संस्था गोऱ्या नसलेल्या कलाकारांना पेनलंड, हेस्टॅकसारख्या शाळांत पाठवते. कुठलीही मदत वाचताना फीच्या आकड्यावर थांबू नकोस. प्रवास, राहणं, जेवण, साहित्य धरलंय का ते बघ. फी माफ झाली आणि विमानाचं तिकीट अडलं, असं फार होतं.

तुला वेगळी अडचण आहे ती व्हिसाची. काही शाळांत कामाच्या बदल्यात फी कमी होते, म्हणजे स्वयंपाकघर, झाडलोट, भट्टीची निगा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असताना कॅम्पसबाहेर असं काम केलंस तर ती सवलत मोबदला धरली जाऊ शकते. फॉर्म भरण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातून लेखी उत्तर घे. तोंडी ‘चालेल’ला किंमत नाही.

उन्हाळी वर्गांचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच घेतात, म्हणून फोटो दिवाळीच्या सुमारास तयार ठेव. पांढऱ्या पडद्यापुढे पारदर्शक काच ठेवली तर कडा दिसतच नाहीत. वस्तूच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या जरा बाहेर, काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या कर आणि प्रकाश मागच्या पडद्यावर टाक. कड काळ्या रेघेसारखी उठते. निवेदनात दुःखाची कहाणी लिहू नकोस, मागितली तरी. दोन आठवड्यांत नेमकं काय शिकायचंय आणि आज कुठे अडतंय, एवढं लिही. ‘पंटी सुटत नाही’ हे वाक्य ‘मला काच आवडते’पेक्षा परीक्षकाला जास्त सांगून जातं.

पंटीचं नाव निघालंच आहे तर सांगतो, कारण मदतनीसाची परीक्षा तिथेच होते. भांड्याचं तोंड घडवायचं तर ते फुंकनळीवरून काढून तळाकडून दुसऱ्या भरीव सळईवर घ्यावं लागतं. त्या सळईच्या टोकाला तू सुपारीएवढी काच घेतेस, पोलादी पाट्यावर फिरवून तिला बोथट शंकूचा आकार देतेस आणि टोक किंचित थंड होऊ देतेस. फार गरम असेल तर ती तळात रुतते आणि शेवटी सुटताना तळाचा तुकडा घेऊन जाते. फार थंड असेल तर धरतच नाही आणि भांडं जमिनीवर. नारिंगी झळाळी उतरून काच जेमतेम लाल दिसते, तो क्षण. वेळ लागला म्हणून परत तापवलीस तर शंकू पुन्हा घडव, नुसती तापवून पुढे करू नकोस.

चिकटली की मुख्य कारागीर मानेच्या चिरेवर पाण्याचा थेंब सोडतो आणि नळीवर हलकेच ठोकतो. मान तिथेच तुटते, पण ती चीर आधीच जॅक नावाच्या मोठ्या चिमट्याने बारीक केलेली असेल तरच. मान जाड राहिली की तडा अंगावर पळतो आणि दोष मात्र पंटी आणणाऱ्याला मिळतो. म्हणून ठोकण्याआधी मानेकडे बघून घे आणि शंका असेल तर बोल. नवख्यांना, त्यातही खोलीत एकट्याच वेगळ्या दिसणाऱ्या मुलीला, बोलायला संकोच वाटतो. भांडं फुटण्यापेक्षा बोललेलं बरं.

आपल्या लॅबच्या बोरोसिलिकेटची सवय विसर. त्याचा प्रसरणांक, म्हणजे तापल्यावर काच किती प्रसरते तो अंक, ३३ च्या आसपास, स्टुडिओतल्या मऊ काचेचा सुमारे ९६. बोरोचं जे खपून जातं, ते तिथे तडकतं. रंगाच्या कांड्याही त्याच अंकाच्या घे. १०४ ची मिसळलीस तर त्या दिवशी काही दिसणार नाही, चार दिवसांनी कपाटात आवाज येईल. पेल्याएवढ्या पातळ भिंतीला ॲनीलरमध्ये, म्हणजे काच हळूहळू निववणाऱ्या भट्टीत, ४८० अंशांच्या आसपास तासभर आणि मग रात्रभर उतरतं तापमान पुरतं. जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट धर. वरचा थर आधी आकसतो, आतला अजून गरम असतो, आणि तो ताण काचेत अडकून राहतो. घाई करून ॲनीलर उघडणाऱ्याच्या जवळ उभी राहू नकोस.

कपडे सुतीच. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. ओढणी नको, केस बांधलेले, बूट बंद.

आणि वर्तमानपत्र. आकार देताना हातात धरायची घडी स्वतःची असावी, उधार मागू नये. चार-पाच मोठी पानं तळहाताएवढी दुमडायची, पाण्यात पूर्ण भिजवून दाबायची आणि पहिल्यांदा गरम काचेवर फिरवून वरचा थर काळा होऊ द्यायचा, मग ती नीट सरकते. कोरडी पडली की पेट घेते, म्हणून पाण्याचा डबा डाव्या हाताशी ठेव. पुरवणीचा चकचकीत कागद घेऊ नकोस, त्याचा लेप काचेला लागतो. इथून रद्दी पाठवू का असं आई विचारते आहे. तिला सांगितलंय की तिथेही पेपर निघतात.

तुझा,
बाबा