वाशीच्या एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) रात्रपाळीच्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

नाव छापू नका म्हणालात, म्हणून ते इथे नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत.

आमचं बाळ तिसाव्या आठवड्यात आलं. ठाण्यातल्या आधीच्या रुग्णालयात रक्त घ्यायला टाच टोचल्यावर ते रडलं नाही, तर "बघा, त्याला काही दुखत नाही" असं आम्हाला ऐकवलं. घरात नवजात शुश्रूषा शिकवणारं माणूस असून हे ऐकून घ्यावं लागलं. तो राग अजून गेलेला नाही. एवढ्या लहान जिवात रडायला ताकदच नसते, आणि श्वासनळीत ट्यूब असेल तर आवाज फुटतच नाही. इंदूरला डॉक्टर झालेल्या कंवलजीत आनंद यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शस्त्रक्रियेत वेदनाशामक देऊन काय फरक पडतो, हे १९८७ मध्येच दाखवलं होतं.

तुम्ही काय केलंत? टोचण्याआधी १५ सेकंद बाळाला हातच लावला नाहीत, नुसतं पाहिलंत. जागं की झोपलेलं, पल्स किती, ऑक्सिजन किती. सिस्टर, आमच्या मनात घर करून राहिलेत ते हे १५ सेकंद. पल्सचा आधीचा आकडा माहीत नसेल तर टोचल्यानंतरच्या १७० ला काही अर्थ नाही. १५० वरून १७० म्हणजे वाढ २० ची, अपुऱ्या दिवसांच्या बाळाची वेदना गुणांत मोजणाऱ्या पिप पट्टीवर २ गुण. नंतरचे ३० सेकंद तुमची नजर चेहऱ्यावर होती: भुवयांमधला फुगवटा, गच्च मिटलेले डोळे, नाकापासून ओठांपर्यंतची घडी. शांत झोपलेल्या बाळाचे ३ आणि तिसाव्या आठवड्याचे २ गुणही तुम्ही विसरला नाहीत. लहान आणि झोपलेलं बाळ दुखलं तरी कमी दाखवतं, म्हणून तर ते गुण द्यायचे असतात. फार आजारी बाळ तर निपचित पडून राहतं. तिथे कमी गुण पाहून निर्धास्त व्हायचं नसतं.

बाकीचंही नीट होतं. साखरेचं पाणी दोन मिनिटं आधी, थेंबाथेंबाने जिभेवर; पोटातल्या नळीतून दिलं तर त्याचा उपयोग होत नाही. टोचलंत टाचेच्या कडेला, मधोमध नाही. आणि पाऊल पिळलं नाहीत. पिळण्याने टोचण्यापेक्षा जास्त दुखतं, शिवाय रक्तपेशी फुटून पोटॅशियम खोटं वाढलेलं येतं आणि पुन्हा टोचावं लागतं. दुसरा हात डोक्यावर, पाय पोटाशी दुमडून धरलेले. चिकटपट्टी काढायची घाई तुम्ही पल्स खाली येईपर्यंत कुणाला करू दिली नाहीत.

रात्री तीन वाजता, कुणी बघत नसताना, बोलता न येणाऱ्याची अशी दखल घेणारी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांना घरी जाऊन पाठ टेकता येते.

मेट्रनबाईंना वेगळं पत्र दिलंय. त्यात एकच विनंती आहे: चार्टवर पल्स आणि तापमानाच्या शेजारी वेदनेचा रकाना कायमचा छापून घ्या, आणि नव्या मुलींना तो भरायला तुम्हीच शिकवा.

तुमची ऋणी,
बाळाची आई, बाबा आणि आत्या