पगारदाराची स्पोर्ट्‌स कार

संपादक महोदय,

माझदा या जपानी कंपनीची मिआटा ही दोन आसनी स्पोर्ट्‌स कार फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या वाहन प्रदर्शनात झळकली, तेव्हा मी न्यू जर्सीत नोकरीला होतो. फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या पुणेरी घरात वाढल्यामुळे, पैसे भरताच कोरी गाडी मिळते याचेच मला अधिक अप्रूप वाटले. अर्थात, विक्रेते छापील किमतीवर वरकड रक्कम उघडपणे मागत. १.६ लिटरचे इंजिन फार ताकदीचे नव्हते, परंतु वजन हजार किलोच्या आत असल्याने गाडी वळणावर सहज वळे, बटण दाबताच बॉनेटमधून दिवे वर येत आणि आखूड दांड्याचा गिअर मनगटाच्या झटक्यासरशी पडे. ‘आम्ही आल्यावर बसायचे कुठे?’ हा आईचा फोनवरचा प्रश्न मात्र रास्त होता. पगारदाराच्या आवाक्यातली अशी गाडी आपल्याकडे अजूनही दिसत नाही.

आपला,
एक वाचक, पुणे