सीडरच्या दलदलीतून आईला

अप्पर पेनिन्सुला, मिशिगन
२४ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "हरणं उपाशी मरतात म्हणतेस, मग काड्या मोजत काय बसता? खायला घाला की त्यांना!" तेवढ्यात रेंज गेली आणि माझं उत्तर तोंडातच राहिलं. तुझा प्रश्न मात्र तेव्हापासून डोक्यात घोळतोय, म्हणून आज निवांत लिहायला बसले.

लेक सुपीरियर या प्रचंड सरोवरावरून येणारा वारा इथे महिनोन् महिने बर्फ टाकत राहतो. उघड्या माळावरचा बर्फ आता गेलाय, पण सीडर नावाच्या सदाहरित झाडांच्या दलदलीत, सावलीला, अजून घोट्याएवढा आहे. हरणांनी हिवाळ्यात झाडांच्या किती काड्या खाल्ल्या, त्या आमच्या मोजणीचा हंगाम हाच. बर्फ ओसरल्यापासून नवी पालवी फुटेपर्यंत थोडेच दिवस मिळतात. एकदा पालवी फुटली की हिवाळ्यात कोणती काडी खाल्ली गेली, ते नीट दिसत नाही.

हिवाळ्यात पांढऱ्या शेपटीची ही हरणं दूरदूरवरून येऊन या दलदलीत दाटीवाटीने राहतात. सीडर आणि हेमलॉक यांच्या दाट छतावर बराचसा बर्फ अडतो, वारा अडतो, अंगातली ऊब टिकते. बर्फ अर्ध्या मीटरच्या वर गेला की त्यांना चालणं जड जातं, मग ती एकाच वाटेने ये-जा करून पायवाटा पाडतात आणि त्या वाटांच्या आसपास जे असेल त्यावर भागवतात. ही जागा पिल्लांना आईच्या मागोमाग येऊन कळते, आणि पुढे मुली आपल्या पिल्लांना घेऊन तिथेच येतात. चारा संपला तरी सहसा ती जागा सोडत नाहीत.

आता काड्यांचं सांगते. जमिनीत खुंटी ठोकायची, १.१३ मीटरची दोरी ताणून गोल फिरायचं. त्या वर्तुळाचं क्षेत्र जवळजवळ ४ चौरस मीटर होतं. जमिनीपासून हरणाचं तोंड पोचेल तिथपर्यंत, म्हणजे साधारण दोन मीटर उंचीपर्यंतची प्रत्येक काडी बघायची: झाड कोणतं, काडी शाबूत की खाल्लेली. एका हेक्टरचं क्षेत्र अशा सुमारे अडीच हजार वर्तुळांएवढं असतं. म्हणून एकाच वर्तुळावर विसंबून चालत नाही. नकाशावर आधीच आखलेल्या रेषेवर ठरावीक अंतराने थांबायचं. तिथे चिखल असो की काटेरी झुडूप, वर्तुळ तिथेच आखायचं. जरा बाजूला बरी जागा दिसते म्हणून सरकलं की सगळा हिशेब खोटा ठरतो. याबाबतीत मी फार कडक झालेय. सोबतची मुलं कुरकुरतात, पण ऐकतात.

काडी कोणी खाल्ली हे ओळखणं मला फार आवडतं. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते काडी खालच्या दातांनी धरून ओढतं, त्यामुळे टोक फाटलेलं, तंतू निघालेलं दिसतं. सशाने कापलेली काडी मात्र चाकूने तिरकी छाटावी तशी स्वच्छ असते. मागच्या वर्षीचा डोळा जिथे होता तिथे काडीभोवती बारीक वळ्या राहतात, त्यांच्या पुढची वाढ गेल्या मोसमातली. ती कोवळी वाढच हरणांना हवी असते. जिथे तोडली तिथली जाडी कॅलिपरने मोजायची. मग तेवढ्याच जाडीच्या शाबूत काड्या शेजारून कापून आणायच्या, ओव्हनमध्ये वाळवायच्या, वजन करायचं. म्हणजे पोटात गेलेल्या काडीचंही वजन अंदाजे कळतं. पानगळ झाल्यावर किती होतं आणि आता किती उरलं, या दोन मोजण्यांतून हिवाळा कसा गेला ते समजतं.

झाडं ओळखायलाही आता नाक आणि बोटं पुरतात. पिवळ्या बर्चची साल नखाने खरवडली की आजीच्या गुडघ्याच्या मलमाचा वास येतो. गंमत म्हणजे दोन्हींतलं द्रव्य खरंच एक आहे! लाल मेपलचे डोळे समोरासमोर, लालबुंद. आणि सीडरचा चपटा, खवल्यांसारखा पाला. हिवाळ्यात हरणांना सगळ्यांत मानवतो तो हाच. स्प्रूसला ती सहसा तोंड लावत नाहीत. बाल्सम फर नाइलाजाने खातात, पण त्याने नुसतं पोट भरतं, अंगाला काही लागत नाही.

हे मला गेल्या आठवड्यात डोळ्यांनी दिसलं. गेल्या उन्हाळ्यात जन्मलेलं एक पिल्लू वाटेच्या कडेला मरून पडलं होतं. आमच्या गटप्रमुखाने मांडीचं हाड फोडून दाखवलं. धडधाकट हरणाच्या हाडातला मगज पांढरा आणि मेणासारखा घट्ट असतो. याचा लाल, पातळ, थलथलीत होता. आई, त्याचं पोट रिकामं नव्हतं गं. फरच्या सुयांनी गच्च भरलेलं होतं. पिल्लांची मान जिथवर पोचते तिथवरचं मोठ्या हरणांनी आधीच संपवलेलं असतं, आणि उंचावरचं फक्त मोठ्यांनाच मिळतं.

तू म्हणतेस तसं मक्याची पोती नेऊन ओतावीत, असं मलाही त्या दिवशी वाटलं. पण हरीण रवंथ करणारा प्राणी. त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव हिवाळ्यात काड्या पचवायला सरावलेले असतात. अचानक भरपूर धान्य मिळालं की पोटात आम्ल वाढतं आणि भरल्या पोटी हरीण मरतं. शिवाय सगळ्यांनी एकाच ढिगात तोंड घातलं की लाळेतून रोग पसरतात. त्यातल्या क्रॉनिक वेस्टिंग डिसीजवर, म्हणजे हरणाला खंगवून मारणाऱ्या मेंदूच्या रोगावर, तर इलाजच नाही. आणि एवढं करून जगलेली हरणं पुढच्या हिवाळ्यात त्याच झाडांवर पडतात.

खायला घालायचं तर ते जंगलातच वाढवावं लागतं. दलदलीच्या कडेचे मेपल आणि ॲस्पेन हिवाळ्यात तोडले की पडलेले शेंडे लगेच तोंडाशी येतात आणि पुढे बुंध्यांतून, मुळांतून नवे धुमारे फुटतात. आणि तुला रुचणार नाही, पण हरणांची संख्या, विशेषतः माद्यांची, जंगलाला झेपेल एवढीच ठेवावी लागते. आल्डो लिओपोल्ड या वन्यजीव अभ्यासकांनी १९४० च्या दशकात शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये हेच मांडलं, तेव्हा लोक त्यांच्यावर भयंकर चिडले होते. या दलदलीत उभं राहिल्यावर मला त्यांचं म्हणणं पटतं. डोक्यावर सगळं हिरवंगार, आणि दोन मीटरच्या खाली कात्री फिरवल्यासारखं साफ. मोठी सीडर जुनी आहेत. त्यांच्याखाली माझ्या कमरेएवढं एकही रोप मला अजून सापडलेलं नाही.

काल संध्याकाळी शेवटच्या वर्तुळात, एका कुजत पडलेल्या ओंडक्यावर, सीडरचं वीतभरही नसलेलं रोप दिसलं. गुडघे टेकून बघितलं. तीन शेंडे फाटलेले, चौथा शाबूत. चौघांची नोंद केली.

उद्या पहाटे पश्चिमेच्या टोकाला जायचंय, बावीस वर्तुळं बाकी आहेत. बाबांना पत्र वाचून दाखव. रविवारी टेकडीवर जाऊन फोन करीन, तिथे रेंज असते.

तुझी,
मनू