आइस्ड टी: मोसंबीचा आणि केशर आंब्याचा

जालना, १० मे

प्रिय सुधाकर,

बारशाला सरबताऐवजी फळांचा गार चहा करायचं म्हणतोस, तर आधी पाण्याचं बघ. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. त्यात चहा काळपट होतो आणि वर तवंग धरतो. जारचं पाणी घे.

एक लिटरचं माप असं: अर्धा लिटर पाणी उकळून गॅस बंद कर, चार सपाट चमचे लांब पानाचा चहा घाल, चार मिनिटं झाकून ठेव, गाळ. आपला रोजचा दाणेदार चहा असेल तर तीन चमचे नि तीनच मिनिटं. पत्ती पिळू नकोस, सगळा तुरटपणा तिथूनच उतरतो. साखर, साधारण साठ ग्रॅम, गरम असतानाच विरघळव; गार चहात ती तळाशी बसून राहते. चहा कडक वाटला तरी पाणी घालू नकोस, पुढे रस नि बर्फ पडायचाय.

आता हा चहा बाहेरच निवू दे. गरम पातेलं थेट फ्रिजमध्ये गेलं की चहा गढूळ होतो, कारण एकदम गारठला की त्यातलं कॅफिन आणि टॅनिन एकमेकांना धरून बसतात. चव बिघडत नाही, पण ग्लासात दिसतं घाण. तसं झालंच तर थोडं उकळतं पाणी घालून ढवळ, बराचसा निवळतो.

मोसंबी आपल्या जालन्याचीच घे. मृग बहराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची फळं अजून मिळाली तर उत्तम. एक लिटरला पाव लिटर रस, म्हणजे तीन-चार फळं. मिक्सर अजिबात नको! बी आणि पांढरी साल भरडली की कडू होतो. आणि हाताने नीट काढलेला रससुद्धा ठेवला की तासा-दोन तासांत कडवटतो; तो फळाचाच गुण आहे, साखर वाढवून झाकत नाही. म्हणून रस अगदी शेवटी. वर अर्ध्या लिंबाचा रस पिळ, चहाचा रंग लगेच उजळून तांबूस-सोनेरी होतो.

केशर आंब्याला रीत वेगळी. नुसता गर चहात घातला तर खाली बसतो आणि वर फिक्कं पाणी राहतं. एका आंब्याचा गर, चार चमचे साखर आणि अर्धी वाटी पाणी मंद आचेवर तीन-चार मिनिटं गरम कर, उकळू नकोस, नाहीतर जॅमचा वास येतो. सुती फडक्यातून गाळलास की चहात नीट मिसळतो. या चहात वरची साठ ग्रॅम साखर निम्मी कर. सीताफळ, चिकू यांच्या नादी लागू नकोस, चहाशी त्यांचं जमत नाही.

चाळीस माणसांना आठ लिटर लागेल. एवढा उकळत बसण्यापेक्षा रात्री गार पाण्यात भिजव: लिटरला दहा ग्रॅम पत्ती, फ्रिजमध्ये आठ तास. तुरटपणा कमी उतरतो, गढूळही फारसा होत नाही. गोडीला साखरेचा पाक वेगळा करून ठेव. हा चहा पातळच असतो, म्हणून बर्फ बेताचा. बर्फ घरीच लाव, लादीचा नको. आणि ज्यात रस मिसळलाय तो चहा त्याच दिवशी संपव. उरला तर टाकून दे.

वहिनींना नमस्कार, बाळाला आशीर्वाद.

तुझा,
विलास