फियाट बघून आलो

पुणे, रविवार

प्रिय वसंता,

तू पाठवलेल्या जाहिरातीतली फियाट काल बघून आलो. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "मग घ्यायची ना?" म्हणतोस आणि बाकीचं राहूनच जातं. म्हणून बसून लिहितोय. एवढं आधीच सांगतो: गाडी घेण्याजोगी आहे, कागद मात्र अजून नीट नाहीत. आता सविस्तर.

मालक निवृत्त गृहस्थ, कर्वेनगरला छोटा बंगला आहे. चहा आधी की गाडी आधी असं त्यांनी विचारलं, मी गाडी म्हटल्यावर खूश झाले. १९७८ चं मॉडेल, म्हणजे नावाने पद्मिनी. आबा तिला 'इलेव्हन हंड्रेड' म्हणायचे, तेही काही चुकीचं नव्हतं. कुर्ल्याला प्रीमियर कंपनीच्या कारखान्यात १९६४ पासून फियाटची ११०० डी निघत होती, १९७४ मध्ये तिचंच बारसं पद्मिनी म्हणून झालं. आकार तोच, पत्रा तोच.

आणि पत्र्यापासूनच सुरुवात केली. रंग फोटोत दिसतो तसाच आहे, फिकट आकाशी, हात एकदम सफाईदार. पण रंगाला मी भुलत नाही हे तुला माहीत आहे. या गाडीला ट्रकसारखी वेगळी शासी नसते, बॉडी हाच सांगाडा. खालचा पत्रा गंजला की गाडीच खचली. फडक्यात लोहचुंबक गुंडाळून सगळीकडे फिरवला. दरवाजे, छप्पर, बॉनेट, सगळीकडे घट्ट धरतो. उजव्या मागच्या चाकाच्या कमानीवर मात्र सटकला, तिथे पुटी जाड आहे. विचारल्यावर मालकांनी लपवलं नाही. म्हणाले, जुना मार होता, पेंटरने ठोकून पूर्ण काढला नाही. डिकीतलं स्टेपनीखालचं मॅटिंग उचललं, पायाखालचं उचललं. दोन्हीकडे पत्रा नवा जोडलाय आणि वेल्डिंग सलग आहे, ठिपके ठिपके देऊन भागवलेलं नाही. त्या एका कमानीचं मला फारसं वाटत नाही. तळ गेलेला असता तर मी तिथूनच परत फिरलो असतो.

आता तुझ्या मुद्द्यावर येतो. तू विचारलंस, पाचगणीच्या वाटेवरचा पसरणीचा घाट चढेल का? जुनी फियाट चढायचीच, पण कशी चढायची ते आपण दोघांनी बघितलंय. १०८९ सीसी, चाळीसेक हॉर्सपॉवर, त्यात पाच माणसं आणि वर कॅरियरवर वळकट्या. मध्ये कुठेतरी गाडी गचके देऊन बंद पडायची आणि आबा इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून बसायचे. ते काही अंधश्रद्धेतलं नव्हतं. पंप इंजिनालाच लावलेला, इंजिन तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची, आणि पंप पेट्रोलऐवजी वाफच ओढत बसायचा. या मालकांनी यांत्रिक पंप काढून मागे टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवलाय. तिथे उष्णता नाही, आणि पेट्रोल ओढलं जात नाही, ढकललं जातं. रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा आहे. डायनामो जाऊन अल्टरनेटर आलाय, पॉइंट जाऊन इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलंय. पेट्रोलच्या रबरी नळ्याही सगळ्या बदलल्यात. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्यात टिकत नाही. हे त्यांनी मी न विचारता सांगितलं, तेव्हाच माणूस जाणकार आहे हे कळलं.

मोठा बदल वेगळाच आहे, आणि जाहिरातीत तो एका ओळीत उरकलाय. इंजिन मूळचं नाही. प्रीमियरनेच १९८५ मध्ये ११८ एनई काढली होती, आठवते ना, चौकोनी, डॉक्टरलोकांची आवडती? तिचं निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन आणि तिचाच गिअरबॉक्स यात बसवलाय. दुसऱ्या कंपनीचं इंजिन कापून-जोडून कोंबलं असतं तर मी तुला नाहीच म्हटलं असतं. हे निदान घरातल्या घरात आहे, बसवणाऱ्यानेही माउंटिंग नीट केलंय, स्टार्ट केल्यावर गिअरचा दांडा थरथरत नाही.

पण हो, दांडा. हँड गिअर गेला, वसंता. स्टिअरिंगखालून डाव्या हाताने ओढायचा तो गिअर आता नाही, खालचा गिअर आहे. तो आला म्हणून पुढचं सलग बाकडंही गेलं, दोन सुट्या सीटा आल्या. तू म्हणशील, पद्मिनीच्या शेवटच्या एस-वन मॉडेलला कंपनीनेच खालचा गिअर दिला होता. दिला होता. तरी आत बसल्यावर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पुढे तिघं बसायचो, मधल्याचे गुडघे कुणाच्या वाटेत यायचे नाहीत. तुला त्याचं काही वाटणार नसेल तर हा परिच्छेद सोडून दे.

चालवून बघितली. जुन्या कात्रज घाटाने बोगद्यापर्यंत गेलो, मालक शेजारी. तिसऱ्यावर चढते. तापमानाचा काटा मधून हलला नाही, आणि वर पोचल्यावर मुद्दाम बंद करून, थांबून पुन्हा चालू केली. एका सेल्फला लागली. खिडकीचा तो तिकोनी व्हेंटिलेटर काच फिरवून तोंडावर वारा घेतला, ते मात्र तसंच्या तसं ठेवलंय. एसी लावलेला नाही. मला विचारशील तर बरंच आहे, पन्नासेक हॉर्सपॉवरमधून एसी ओढला तर पाचगणीला काय पोचणार?

उतरताना ब्रेक पारखले. मूळ गाडीला चारही चाकांना ड्रम, बूस्टर नाही, पाय भरून दाबावं लागायचं. आता पुढे डिस्क आणि बूस्टर आहे. हा बदल मी सगळ्यात वरचा मानतो, इंजिनापेक्षाही. फक्त डिस्क दुसऱ्या गाडीची आहे आणि मधला अडॅप्टर लेथवर करून घेतलाय. पुढेमागे पॅड घ्यायला नाना पेठेत गेलास तर 'फियाटचे पॅड द्या' म्हणून चालणार नाही. मालकांकडे एक वही आहे, कुठला भाग कुठल्या गाडीचा, कधी बसवला, कुठून आणला, सगळं सुवाच्य अक्षरात. ती वही गाडीबरोबर मागून घे. खरं सांगू का, मला गाडीपेक्षा ती वही जास्त भावली.

दोष एक सापडला. पुढचं डावं चाक जॅकवर उचलून वरखाली हलवलं तर खेळ आहे. किंग पिन, म्हणजे चाक जिच्यावर वळतं ती पिन, झिजलीय. फियाटचा तो जुना आजार, ग्रीसिंग चुकवलं की पहिली तीच जाते. किट मिळतं, पण काम खालून सगळं उघडायचं आहे. पाटे आणि शॉकअब्जॉर्बर ठीक आहेत.

आता कागद, आणि इथे जरा नीट वाच. आरसीवर जो इंजिन नंबर आहे तो गाडीत नाही. ते मूळ इंजिन जिन्याखाली, ग्रीस लावून गोणपाटात बांधून ठेवलंय. मालक म्हणाले, "अहो, कोण बघतं?" मी चहा घेता घेता त्यांना नम्रपणे सांगितलं की बघतात. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतं, तेव्हा गाडी आरटीओत उभी करावी लागते आणि नंबर ताडतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सरळ आहे, आरसीतला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करायचा नाही, आणि केला तर नोंद करून घ्यायची. उद्या खंबाटकीत कुणी मागून ठोकलं, तर विमा कंपनी पहिला प्रश्न इंजिन नंबरचाच काढेल.

शिवाय जाहिरातीत 'लवकरच व्हिंटेज' असं लिहिलंय, त्याच्या नादी लागू नकोस. २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं व्हावी लागतात, ती २०२८ मध्ये होतील हे खरं. पण गाडी मूळ रूपात हवी, शासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. हिचं इंजिनच दुसरं. आणि समजा व्हिंटेज गाड्यांचा व्हीए मालिकेचा नंबर मिळाला, तरी ती गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यासाठीच. तुला तर रविवारी सगळ्यांना घेऊन पाचगणीला जायचंय. तेव्हा तो विचारच सोड.

अजून खर्च धर. वीस वर्षांवरच्या मोटारीची नूतनीकरणाची फी २०२५ च्या ऑगस्टपासून दहा हजार झालीय, पर्यावरण कर वेगळा. एचएसआरपी नंबरपाट्या लावलेल्या आहेत, पीयूसी चालू आहे.

सुट्या भागांचंही मनात धर. मुंबईत टॅक्सी होत्या तोवर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला फियाटचं काहीही मिळायचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली, वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरात ती थांबली. गिऱ्हाईकच गेल्यावर दुकानदार माल कशाला भरेल? त्या दृष्टीने गोणपाटातलं इंजिन आणि माळ्यावरचा जुना हँड गिअर, बाकडं, ब्रेकचे ड्रम हे सगळं सौद्यात आलंच पाहिजे. मालक त्याचे वेगळे पैसे सुचवत होते. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

ते तीन लाख साठ म्हणतात. किंग पिन आणि ती कमान धरून माझ्या हिशेबाने तीन लाख, फार तर तीन दहा, सुट्या सामानासकट. आणि अट एकच: नवीन इंजिनाची नोंद आरसीवर त्यांनी त्यांच्या नावावर असताना करून द्यायची. ती झाली की मगच मालकी बदलायच्या फॉर्म २९-३० वर सह्या आणि उरलेली रक्कम. तोवर दहा हजार टोकन, चेकने, पावती घेऊन. मी त्यांना हे बोललो, ते जरा गप्प झाले, पण नाही म्हणाले नाहीत. दुसरं एक गिऱ्हाईक मुंबईहून येणार आहे म्हणाले. येऊ दे.

तू गुरुवारपर्यंत कळव, टोकन मी इथून देतो. वहिनींना विचारल्याशिवाय मात्र हो म्हणू नकोस, मागच्या बुलेटच्या वेळी बोलणी मला खावी लागली होती. आईंना नमस्कार.

तुझा,
अविनाश

ता. क. हॉर्न मूळचा आहे. मी विचारायच्या आधीच त्यांनी वाजवून दाखवला.