हरळीवर रोटाव्हेटर फिरवू नका

संपादक महाशय,

आपल्या बागकाम पुरवणीतला सूर्यफुलावरचा लेख वाचला. ‘गवत माजलेली जागा रोटाव्हेटरने भुसभुशीत करून बी टोकावे’ या वाक्याशी मी थबकले, कारण नेमके तेच करून मी एक अख्खा हंगाम घालवला आहे.

घरामागची दहा बाय बारा फुटांची पडीक जागा, हरळीने गच्च विणलेली. रोटाव्हेटर फिरल्यावर माती छान दिसली खरी, पण एकेका काशीचे (हरळीच्या जमिनीखालच्या पेरेदार खोडाचे) वीस-वीस तुकडे झाले होते आणि पुढे डोळ्याडोळ्याला फुटवा आला. चाळीस बिया टोकल्या, फुलापर्यंत पोचली सात झाडे, तीही कमरेएवढीच. सूर्यफुलाचे सोटमूळ पुढे खोल जाते, पण पहिला महिना-दीड महिना रोपाला पाणी आणि नत्र गवताच्या तावडीतूनच मिळवावे लागते. तेव्हा मागे पडलेले रोप नंतर सावरत नाही.

दुसऱ्या वर्षी भर उन्हाळ्यात कुदळीने खणले, ढेकळे उलथून तापू दिली आणि काशा हाताने वेचल्या. तीन पाट्या भरल्या! (कमरेचे विचारू नका.) त्या खतखड्ड्यात टाकल्या तर पुन्हा फुटतात, म्हणून फरशीवर कडकडीत वाळवल्या. गवताच्या मुळांवर पोसलेली हुमणी अळी निघाली, ती पक्ष्यांनी संपवली. हरळी कडेने परत शिरते, त्यासाठी भोवती वीतभर खोल चर काढला आणि दर पंधरवड्याला साफ केला.

बी या वेळी कागदी पेल्यांत लावले. दोन-चार खरी पाने (बीजदलांनंतर येणारी) येताच पेला फाडून रोप मातीच्या गोळ्यासकट लावायचे. उशीर झाला की सोटमूळ पेल्यातच गोल फिरते. दोन रोपांत फूटभर, ओळींत दोन फूट. मधल्या जागेत भिजवलेला पुठ्ठा, वर पालापाचोळा, बुंध्याशी चार बोटे मोकळी. चोवीसपैकी एकवीस झाडे माझ्या डोक्यावर गेली.

आणखी एक. फूल दिवसभर सूर्यामागे फिरते असे लेखात म्हटले आहे. फिरतात त्या कळ्या आणि कोवळे शेंडे. पूर्ण उमललेले फूल पूर्वेकडे तोंड करून थांबते. माझी खिडकी वाफ्याच्या पश्चिमेला, त्यामुळे एकवीस फुलांच्या पाठी बघत मी हंगाम काढला.

एका कोपऱ्यात मात्र लव्हाळा आहे. तो पुठ्ठा भोसकून वर येतो. त्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या जोडलेल्या, वरची उपटली की खालची फुटते. तो कोपरा मी सोडून दिला आहे. लेखकांकडे त्यावर उपाय असेल तर जरूर छापावा, फक्त स्वतः करून पाहिलेला असावा.

आपली,
एक नियमित वाचक