घर जुनं का घेतलं, त्याची गोष्ट

कॉर्क, आयर्लंड
रविवार

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "एवढं कर्ज काढलंत, तर नवीन घर का नाही घेतलं?" आणि मग तुम्ही दोघंही गप्प झालात. ते मनाला लागून राहिलंय. फोनवर मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

हे पूर्वीच्या कोस्टगार्ड स्टेशनातलं एक बिऱ्हाड आहे. आपल्याकडे कोस्टगार्ड म्हटलं की बोट डोळ्यांपुढे येते. इथे ब्रिटिश सरकारने 1822 मध्ये हे दल उभं केलं ते मुख्यतः चोरटा माल अडवायला; तंबाखू, दारू, चहा असलं सगळं. 1856 मध्ये ते आरमाराच्या हाताखाली गेलं. शिपाई मुद्दाम लांबच्या गावचे नेमायचे, म्हणजे किनाऱ्यावर कुणाशी सोयरीक नको. अशा परक्या माणसाला गावात भाड्याने खोली कोण देणार? म्हणून सरकारनेच चाळ बांधून दिली. खरंच चाळ आहे बाबा, दगडी. एकाला एक लागून घरं, टोकाला साहेबाचं मोठं घर आणि टेहळणीची खोली, खाली पाण्याशी होडीची शेड.

आमच्या दाराच्या डाव्या हाताला भिंतीत एक फट आहे. बाहेरून चार बोटं रुंद, आतून मात्र पसरट होत गेलेली. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी निनादला म्हटलं, ही तर किल्ल्यातली जंगी, बंदूक रोखायची फट! मी चौथीत असताना होडीतून सुवर्णदुर्गात नेऊन बाबांनी मला दाखवली होती, तीच. इथे 1867 मध्ये फेनियनांचा, म्हणजे ब्रिटिश राज्याविरुद्ध लढणाऱ्या आयरिश क्रांतिकारकांचा, उठाव झाला, त्यानंतर बांधलेल्या पुष्कळ स्टेशनांना अशा जंग्या आणि कोपऱ्यांना छोटे बुरूज ठेवलेत. सुवर्णदुर्गाच्या जंग्या समुद्रावरून येणाऱ्या शत्रूसाठी होत्या. आमची गावाच्या रस्त्यावर रोखलेली आहे. ते कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. आता तिला काच बसवलीय आणि आई, मी तिन्हीसांजेला तिथेच दिवा ठेवते. रस्त्यावरून दिसतो.

1920 ते 1922 च्या धामधुमीत, म्हणजे इथलं स्वातंत्र्ययुद्ध आणि मागोमागची यादवी, अशी कितीतरी स्टेशनं जाळली गेली, तसं आमचंही. छप्पर गेलं, लाकडी तक्तपोशी गेली, भिंती तेवढ्या उरल्या. पुढे बरीच वर्षं ओसाड पडून होतं, मग त्याची घरं झाली.

बाबा, आता तुम्ही विचारलेल्या ओलीबद्दल. आधीच्या मालकाने ज्या ठेकेदाराकडून काम करून घेतलं, त्याने आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला होता. भिंत दोन फुटी, दगड चुन्यात बसवलेले. अशी भिंत पावसात पाणी पिते आणि उघडीप मिळाली की सोडते, हे तुम्हीच सांगायचात. सिमेंटने तिचं तोंड बंद केलं. पाणी आत राहिलं, पोपडे आले, कपाटामागे बुरशी आली. आम्ही घेतलं तेव्हा त्या बुरशीमुळेच जरा कमी किमतीत मिळालं. गेल्या उन्हाळ्यात सगळा गिलावा छिन्नीने काढला. त्या कामात एक दिवस जुन्या तुळईचं खोबण उघडं पडलं. मी आत हात घातला तर बोटं काळी झाली. जळक्या लाकडाची पूड, शंभर वर्षांपूर्वीची. हात धुवायला जावंसंच वाटेना.

नवा गिलावा चुन्याचा केलाय. इथे त्यात गूळ नाही आणि बेलफळही नाही, पण रीत तीच. एकेक थर द्यायचा, वर ओलं गोणपाट टाकायचं, वाऱ्याने भर्रकन वाळू द्यायचं नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू परत दगड होतो, त्याला घाई चालत नाही. गवंडी गोणपाटावर पाणी मारत होता तेव्हा मला तुमची फार आठवण आली. ह्या हिवाळ्यात कपाटामागची भिंत कोरडी राहिली आहे.

खिडक्या बदलता येत नाहीत, कारण काउन्सिलच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत आमची सगळी रांग आहे. वर-खाली सरकणाऱ्या आहेत, चौकटीच्या पोटात दोरीला वजनं टांगलेली. एक दोरी तुटली होती, ती निनादने घातली.

आई, तू विचारलं होतंस की तिथे आपलं असं काही वाटतं का. केरी परगण्यात काहरसायवीनला 1870 च्या सुमाराची एक पोलिस बराक आहे, मनोरे-बिनोरे असलेली. लोक सांगतात, नकाशांची अदलाबदल झाली आणि हिंदुस्थानातल्या सरहद्दीवरची बराक इथे बांधली गेली! गोष्ट खरी नाही. ती बराक एनॉक ट्रेव्हर ओवेन ह्यांनी आखली आणि ह्याच सरकारी वास्तुविशारदाने इथली कितीतरी कोस्टगार्ड स्टेशनं आखली. पण शेजारच्या आजींनी ती गोष्ट मला सांगितली आणि वर म्हणाल्या, "म्हणजे तू काही परकी नाहीस." मी त्यांना खरं काय ते सांगितलं नाही.

मे महिन्यात इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. तेव्हा या. खालची खोली तुमचीच, जिना चढायला नको. येताना आमसुलं आणा. आणि बाबा, तुमचा पितळी ओळंबाही आणा, मोठ्या बॅगेत टाका. चुलाण्याची भिंत थोडी बाहेर झुकलेली वाटते. इंजिनियर म्हणतो, फार जुनं आहे, आता हलत नाही. मला ते तुमच्याकडून ऐकायचंय.

तुमची,
मनू